पायांची हजेरी

"आई, काढ ना चपला. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे," अभय माझ्या कानाशी पुटपुटला.

"मिनिटांचा नाही, पायाचा प्रश्न आहे," मी म्हणाले, आणि मुद्दाम जरा मोठ्यानेच म्हणाले. येरवड्यातल्या महापालिकेच्या शाळेत मी आयुष्यभर मुलं शिकवली. मला हळू बोलता येत नाही आणि आता या वयात शिकायची हौसही नाही.

हे सगळं चाललं होतं सदाशिव पेठेत, लिमयांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात. माझी नात पूर्वा आणि त्यांचा आमोद एकाच कंपनीत कामाला. दोघांनी आपापसात सगळं ठरवून टाकलेलं. आता फक्त मोठ्यांनी एकमेकांच्या घरी चहा पिऊन ‘आम्हीच ठरवलं’ असं म्हणायचं बाकी होतं. त्यासाठी मी, माझा मुलगा अभय, सून अक्षता आणि पूर्वा अशी आमची वरात आलेली. दाराला झेंडूचं ताजं तोरण, शेजारी चपलांचं कपाट आणि कपाटावर पाटी : ‘पादत्राणे बाहेरच काढावीत. आपणही.’

ते ‘आपणही’ वाचून मला हसूच आलं. पण पाटीचा मान मी ठेवला. अभयचा खांदा धरला, रस्त्यावरच्या चपला काढल्या आणि उघडा पाय जमिनीला न टेकवता पिशवीतल्या घरातल्या चपला चढवल्या. निळ्या, मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या. दिसायला इतक्या कुरूप की कुठेही सोडून आले तरी कुणी उचलणार नाही.

आमोदच्या आई, हेमाताई लिमये, दारात उभ्या राहून हा सगळा कार्यक्रम बघत होत्या.

"अहो, पण या पण चपलाच ना?"

"हो. पण यांनी रस्ता पाहिलेला नाही."

"तसं नाही हो बाई, आमच्याकडे आत कुणीच घालत नाही. माझे सासरे नव्वदीचे झाले, पण शेवटपर्यंत अनवाणी वावरले घरात."

"त्यांना डायबेटिस होता का?"

"नाही."

"मला आहे. पायांना काही कळत नाही माझ्या. घरातसुद्धा उघड्या पायाने चालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय."

"फरशी अगदी स्वच्छ आहे हो. आज दोनदा पुसून घेतलीय."

"तुमच्या फरशीवर माझा संशय नाही हेमाताई. माझ्या पायावर आहे."

मागे पूर्वा उभी होती. रिक्षात ती म्हणाली होती, "आजी, यू डू यू, तुला हवं तेच कर, कोण काय बोलतं बघू." पण आता तिचा चेहरा उतरला होता. माझं काळीज जरा हललं, खोटं कशाला बोलू? तिच्या लग्नाची पहिली पायरी आणि तिथेच मी पाय रोवून उभी. पण माझा डावा पाय आधीच तीन बोटांवर आलाय. उजव्याला काही झालं तर बोटावर भागणार नाही, घोट्यापर्यंत विचार करावा लागेल, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलंय. नातीच्या लग्नात मला माझ्या दोन पायांवर उभं राहायचंय. तेवढंच मागणं आहे आणि त्यासाठी मी कुणाशीही भांडेन.

कुणाशीही म्हणजे आपल्या माणसांशीसुद्धा. आमच्या विहारात पहिल्यांदा मी चपला घालून आत गेले तेव्हा बायकांनी भुवया उंचावल्याच होत्या. मी मागे खुर्ची ओढली, चपलांसकट बसले आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत वंदना म्हटली. भंतेजी म्हणाले, "बसू द्या बाईंना." विषय संपला.

इथे भंतेजी नव्हते. मी आत पाऊल टाकलं.

दिवाणखाना छान होता. पांढरी चकचकीत फरशी, एका कोपऱ्यात देवघर. मी दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे उगीच घरभर मिरवायला नको. हेमाताई आत गेल्या आणि परत आल्या त्या हातात वर्तमानपत्र घेऊन. दुहेरी केलं, माझ्यासमोर वाकल्या आणि माझ्या पायांशी, चपलांच्या पुढे, नीट अंथरलं.

"यावर ठेवा हं पाय, म्हणजे तुम्हालाही बरं वाटेल," त्या म्हणाल्या.

अक्षताने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. अभयचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याला राग आला की आधी कान लाल होतात.

माझे वडील मूळचे फलटणकडचे. त्यांच्या तरुणपणी गावाच्या वरच्या आळीतून जाताना त्यांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पुण्यात आले, नोकरी लागली आणि पहिल्या पगारात त्यांनी बूट घेतले. दर रविवारी ते दारात बसून बुटांना पॉलिश करायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून मुद्दाम दारात. ते सगळं त्या एका कागदाने माझ्या डोक्यात उभं केलं. हेमाताईंच्या मनात ते होतं की फक्त फरशी होती? खरं सांगू, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसेल.

मी खाली वाकले, ते वर्तमानपत्र उचललं, घडी झटकली, पर्समधून चष्मा काढला आणि वाचायला लागले.

"आजचं आहे का हो?" मी विचारलं.

"कालचं," हेमाताई म्हणाल्या.

"तरीच. शब्दकोडं सोडवून झालेलं दिसतंय. आठवं आडवं मात्र चुकलंय."

आमोद फिस्सकन हसला आणि आईने बघितल्यावर हसू गिळून टाकलं. पोरगा बरा आहे, मी मनात म्हटलं. माझ्या चपला पांढऱ्या फरशीवर होत्या तिथेच होत्या.

तेवढ्यात आमोदचे वडील, श्रीनिवासराव, आतून पाण्याचे पेले घेऊन आले. उंच, सडपातळ, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. घाबरट हसू. बायको आणि पाहुणे यांच्यात काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं होतं आणि आपण पाणी दिलं की ते सुटेल अशी आशा वाटत होती.

"घ्या, घ्या. माठातलं आहे," ते म्हणाले, एक पेला माझ्या हातात दिला आणि अभयकडे वळले.

टक्. टक्. टक्.

पाठमोरी फळ्यावर लिहीत असताना मागच्या ओळीत कोण गोट्या वाजवतंय हे ओळखणारे कान आहेत माझे. आवाज फरशीवरून येत होता. श्रीनिवासराव अनवाणी होते. डावं पाऊल पडलं की काही नाही. उजवं पडलं की टक्. अभयपासून अक्षतापर्यंत, अक्षतापासून पूर्वापर्यंत, टक्, टक्.

मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"श्रीनिवासराव, थांबा," मी म्हणाले. "आहात तिथेच थांबा. पाऊल टाकू नका."

"अं? का हो?"

"आमोद, खुर्ची दे बाबांना. बसा. आणि उजवा पाय वर करा."

"अहो, हे काय भलतंच," हेमाताई पुढे झाल्या. "पाहुण्यांसमोर पाय काय वर करायचा?"

"करा म्हणते ना!"

तो माझा चौथीच्या वर्गावरचा आवाज होता. त्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. श्रीनिवासराव बसले आणि त्यांनी मुकाट्याने पाय गुडघ्यावर घेतला.

तळपायात, चवड्याच्या खाली, एक पितळी पिन रुतलेली होती. बोर्डावर कागद लावायची असते ती, चपट्या डोक्याची. डोकं तेवढं बाहेर, बाकी सगळी आत.

"बापरे!" आमोद ओरडला. "सकाळी तोरण लावताना एक पडली होती माझ्या हातून. मला वाटलं, सोफ्याखाली गेली असेल."

"दुखतंय का?" मी श्रीनिवासरावांना विचारलं.

त्यांनी पिनेकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तसं बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

मला ते ‘नाही’ ओळखीचं होतं. मी स्वतः ते म्हटलेलं आहे.

"साखर कधीपासून आहे?"

त्यांनी आधी बायकोकडे बघितलं. "झाली की बरीच वर्षं. पण गोळी घेतो मी. नियमित घेतो."

"पाय कुणी बघतं का?"

"पायात काय बघायचं?"

मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि बघितलं. पिन राहिली बाजूला. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा होता आणि त्या घट्ट्याच्या आत काळपट, ओलसर असं काहीतरी होतं. ते आजचं नव्हतं. किती दिवसांचं होतं हे सांगायला त्या घरात कुणीच नव्हतं, कारण दोनदा पुसलेल्या त्या फरशीवर रोज चालणारा तो तळपाय कुणी बघितलाच नव्हता.

हेमाताईंनी वाकून बघितलं.

"अगं बाई... हे काय हो? बोलला नाहीत कधी?" आणि मग एकदम पदर खोचून त्या स्वयंपाकघराकडे धावल्या. "पाणी ठेवते गरम. कडकडीत. मीठ घालून चांगला शेकते पाय."

"गरम नको!"

मी उठून उभी राहिले होते. हातातला पेला कधी निसटला कळलं नाही. पाणी फरशीवर, वर्तमानपत्रावर, सगळीकडे. माझा आवाज मलाच ओळखू येईना. तो वर्गावरचा नव्हता.

"आई," अभय म्हणाला. त्याला कळलं होतं. "आई, बस. बस तू."

"गरम पाणी नको," मी म्हणाले. "हेमाताई, तुमच्या पाया पडते, पण गरम पाणी नको."

मग मी सांगितलं. सांगायचं ठरवून आले नव्हते.

आमचे सीताराम. पोस्टमन होते. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, मी पहिल्यापासून घेते. निवृत्त झाल्यावर माझे पाय रात्री गार पडायचे, मुंग्या यायच्या, म्हणून त्यांनी रोज संध्याकाळी पाणी तापवायला सुरुवात केली. पातेल्यात मीठ टाकून, फडक्याने धरून आणायचे. मी पाय बुडवायचे आणि म्हणायचे, "कोमटच आहे हो, अजून थोडं." ते अजून तापवायचे. त्या दिवशी म्हणाले, "चंद्रा, माझ्याच्याने हात घालवत नाही यात." मी म्हणाले, "तुम्हाला कुठं काय सोसतं? आणा इकडे." आणि मी पाय घातले. काही कळलं नाही. छान वाटतंय म्हणाले. सासऱ्यांची कसलीशी गोष्ट सांगून हसत होते मी, आणि खाली माझी कातडी सुटत होती.

डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. दवाखान्यात वर्षानुवर्षं गोळ्या लिहून देत होते, साखर मोजत होते, गोड खाऊ नका म्हणत होते. पायांना एक दिवस कळेनासं होईल, हे एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाऊही देणार नाही. पण सीतारामांनी तो राग स्वतःवर घेतला. "पाणी मी तापवलं," एवढंच म्हणत राहिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते खाली सतरंजीवर बसायचे आणि माझा पाय मांडीवर घ्यायचे. मी अवघडायचे. आमच्यात काय, तुमच्यात काय, नवऱ्याच्या मांडीवर पाय ठेवणारी बायको कुणी पाहिलीय? ते म्हणायचे, "गप. उभ्या जन्मात लोकांच्या दारात उभा राहिलो, बायकोच्या पायाशी बसलो तर काय बिघडलं?" चष्मा लावून, बोटांच्या बेचक्यांत बघून, ते एकेका बोटाची हजेरी घ्यायचे. अंगठा? मी म्हणायचे, हजर. पुढचं? हजर. डावीकडे शेवटी आले की थांबायचे. मीच म्हणायचे, "दोघं गैरहजर, गुरुजी. पुढे चला."

दोन पावसाळ्यांपूर्वी ते गेले. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं, की अनवाणी चालायचं नाही. कुणाच्याही घरी, कुणी काहीही म्हणो.

"म्हणून चपला," मी हेमाताईंना म्हणाले. "तुमचा अपमान करायला नाही घातल्या. आणि तुम्हाला तसं वाटलं असेल तरी मी काढणार नव्हते."

हेमाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात रिकामं पातेलं. त्यांनी ते हळूच ओट्यावर ठेवलं.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"साधं पाणी. साबण. स्वच्छ कोरडं फडकं. आणि लगेच डॉक्टर, आजच्या आज. उद्या नाही."

"हळद लावू का तोवर?"

"हळद पोह्यात टाका."

आमोदने पिन काढली. काढताना ‘आई गं’ तोच म्हणाला, श्रीनिवासराव शांत बसून बघत होते. पूर्वाने खाली बसून त्यांचा पाय धुतला आणि टिपला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे होते, आमोदने फोन करून वेळ घेतली. श्रीनिवासराव उठायला लागले.

"थांबा!" या वेळी ओरडल्या त्या हेमाताई. "अनवाणी नाही उठायचं."

त्या दाराबाहेर गेल्या. चपलांच्या कपाटाचं दार वाजलं. नवऱ्याच्या चपला आणल्या, बेसिनपाशी नेऊन आतून-बाहेरून धुतल्या, पदराने कोरड्या केल्या. मग त्या दोन्ही हातांत धरून दिवाणखाना ओलांडून आल्या, देवघरासमोरून आल्या, आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवल्या. हातात धरलेल्या त्या वहाणा बघताना मला माझे वडील आठवले.

"घाला," हेमाताई म्हणाल्या.

"आत?" श्रीनिवासराव बिचारे गोंधळले. "अगं, पाटी..."

"पाटी पाहुण्यांसाठी आहे. घाला म्हणते ना."

माझ्याकडूनच शिकल्या, तेही पाच मिनिटांत. बाई हुशार आहे.

श्रीनिवासरावांना एका बाजूने आमोदने आणि दुसऱ्या बाजूने अभयने धरून लिफ्टकडे नेलं. पोहे तसेच राहिले. आम्हीही निघालो. दारात मी या वेळी अभयच्या जागी अक्षताचा खांदा धरला आणि चपला बदलल्या. हेमाताई माझ्या डाव्या पायाकडे बघत होत्या. मी लपवला नाही. बघू दे.

"मुलं रजिस्टर लग्न म्हणताहेत," त्या म्हणाल्या. "नंतर हॉल घ्यायचा, स्टेजवर सगळ्यांनी उभं राहायचं. बाई, तेव्हा स्टेजवर तरी..."

"स्टेजवरसुद्धा."

"याच? निळ्याच?"

"याच. निळ्याच."

त्यांनी माझ्या हातातल्या निळ्या चपला निरखून बघितल्या.

"मग साडी तरी निळी नेसा. मॅचिंग होईल."

"निळ्या साड्यांना आमच्या घरी तोटा नाही," मी म्हणाले. हसलो मात्र दोघी. पूर्वाने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की लिफ्टमधल्या माणसाने वळून बघितलं.

संध्याकाळी हेमाताईंचा फोन आला. डॉक्टरांनी जखम साफ केली होती, इंजेक्शन दिलं होतं, पायावर भार टाकायला मनाई केली होती. अजून थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं, असं म्हणाले. पाय वाचेल. हेमाताई हे सगळं कोरडेपणाने सांगत होत्या, पण मध्येच फोन बाजूला धरून त्यांनी नाक ओढलेलं मला ऐकू आलं.

"रोज तळपाय बघायचा म्हणालेत डॉक्टर. ते म्हणाले, वाकता येत नसेल तर आरसा घ्या. आरसा कसा धरायचा हो बाई? तुम्ही कसं करता?"

"त्यांना आरसा कशाला? तुम्ही आहात की. खाली बसा, पाय मांडीवर घ्या आणि बघा."

"मांडीवर?"

"मांडीवर."

मग त्यांचा दुसरीकडे वळलेला आवाज आला, "अहो, इकडे करा पाय. लाजताय काय!"

मी फोन ठेवला.

अभय-अक्षता बाहेर टीव्ही बघत होते. मी माझ्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले, चपला काढल्या आणि कपाटातून सीतारामांचा दाढीचा आरसा घेतला. त्याच्या कडेची पत्र्याची पट्टी एका ठिकाणी उचकटलीय. तिथे मी चिकटपट्टी लावलीय, कारण तीसुद्धा कापू शकते आणि मला कळणार नाही. आरसा खाली सतरंजीवर ठेवला, जिथे ते बसायचे तिथेच. त्यावर उजवा पाय धरला. टाच, चवडा, बेचक्या. काही लाल नाही, काही काळं नाही. पाचही जण जागेवर. मग डावा.

आरशात माझा तळपाय दिसत होता आणि त्याच्या मागे खोलीचं छत. तिथे कधी चष्मा लावलेला एक चेहरा असायचा.

अंगठा, पुढचं, मधलं. मग ती रिकामी जागा, जिथे ते नेहमी थांबायचे.

"दोघं गैरहजर, गुरुजी," मी म्हणाले. ‘पुढे चला’ म्हणायला समोर कुणी नव्हतं.

"बाकी सगळे हजर," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, बाहेर टीव्हीच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि निळ्या चपला चढवून उभी राहिले.